बोडीचं पाणी आणि मुंबईचे दोन गणिती



धानाची मळणी उरकली. आता गावोगावी एकच बोलणं सुरू आहे. उन्हाळी धान लावायचं का, लावायचं तर किती एकरात, आणि बोडीतलं पाणी शेवटपर्यंत पुरेल का? या प्रश्नापासून निघून आज मी तुम्हाला मुंबईला, कुलाब्याच्या समुद्राकाठी नेणार आहे. तिथं साठ वर्षांपूर्वी दोन माणसांनी मिळून गणितातलं एक मोठं काम केलं. दोघांचे अभ्यास वेगवेगळे होते. गणित ऐकून रेडिओ बंद करू नका, बोडी सोडून मी फार लांब जाणार नाही.

गणिताच्या पुष्कळ शाखा आहेत, आज दोनच पाहू. एक भूमिती, म्हणजे आकाराचं शास्त्र. दुसरीला विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, काम ओळखीचं आहे. एखादी गोष्ट थोडी थोडी बदलत असेल तर ती किती वेगानं बदलते आणि शेवटी कुठं पोचते, याचा तो हिशेब. बोडीचा तळ कसा आहे, काठ किती उतरता आहे, ही झाली भूमिती. पाणी रोज किती उतरतं, हे झालं विश्लेषण.

आता बघा. उघड्या पाण्यावर ऊन सारखंच पडतं, म्हणून नुसत्या उन्हानं पातळी सरळ काठाच्या उघड्या टाक्यात काय आणि पसरट बोडीत काय, साधारण सारखीच खाली जाते. पण पातळी एक फूट उतरली म्हणजे पाणी किती गेलं, हे आकारावर ठरतं. सरळ काठाच्या टाक्यात दहा फूट पाणी होतं आणि पाच फूट राहिलं, तर निम्मं राहिलं. खड्डा नरसाळ्यासारखा खाली निमुळता असेल तर दहाचे पाच फूट झाल्यावर निम्मं नाही, आठवा हिस्सा उरतो. आठशे ड्रमातले शंभर! खोटं वाटत असेल तर घरी नरसाळ्याचं तोंड कणकेनं बुजवा आणि कपानं मोजून पाहा. आपली बोडी या दोन्हींच्या मधली असते. म्हणजे काठीवर अर्धं दिसलं की पाणी अर्ध्याहून कमीच असतं, आणि जानेवारीतलं एक फूट पाणी मे महिन्यातल्या एक फुटापेक्षा कितीतरी जास्त असतं.

माझ्या कामाच्या भागातल्या एका गावात हेच समोर आलं. गटाच्या सचिवताई दर सोमवारी बोडीतल्या काठीवरची खूण वहीत लिहायच्या. एकही सोमवार चुकला नाही. वहीवरून त्यांनी सांगितलं, अर्धं पाणी आहे, इतक्या एकराला कर्ज द्यायला हरकत नाही. त्याच गटात एक ढीवर मावशी आहेत, लहानपणापासून त्या बोडीत मासे धरणाऱ्या. त्या मागं बसून म्हणाल्या, "अर्धं कुठलं बाई, मधल्या डोहाबाहेर तर घोटाभरच आहे." मावशींना वही वाचता येत नाही आणि सचिवताई कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. चार वर्षं एकाच गटात होत्या, पण बोडीबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी दोघी वही घेऊन काठावर गेल्या आणि परत येऊन एकर कमी केले. कर्ज बुडालं असतं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्या हंगामात पीक पाण्यावाचून वाळलं नाही.

आता कुलाब्याला चला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभांनी ती 1945 मध्ये सुरू केली. 1953 मध्ये तिथं मद्रासकडून दोन तरुण आले, एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री. दोघांचाही जन्म 1932 चा, दोघंही मद्रासच्या लोयोला कॉलेजात फादर रासीन या फ्रेंच गुरुजींच्या हाताखाली शिकलेले. नरसिंहन तर खेड्यातल्या शेतकरी घरातले. पुढं नरसिंहन यांचा ओढा विश्लेषणाकडे गेला आणि शेषाद्रींचा बीजगणितानं आकार ओळखण्याच्या भूमितीकडे. दोघंही काही वर्षं पॅरिसला शिकून आले, तिथंही आपापल्या वाटेनं.

परत आल्यावर त्यांनी एकच प्रश्न हाती घेतला. तो मी माझ्या पद्धतीनं सांगते. शर्टाचं बटन घ्या, दोन किंवा चार भोकांचं. त्याचा नुसता पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणा. एका जागी छोटा बाण ठेवा, तो एका भोकातून फिरवून परत मूळ जागी आणा. बाण थोडा वळलेला मिळेल. कोणत्या भोकाभोवती फिरल्यावर तो किती वळला, याची एक नोंदवही होते. दुसरी वही अगदी वेगळी. त्या पृष्ठभागाच्या प्रत्येक ठिकाणी एकेक गठ्ठा उभा केला, तर ते गठ्ठे एकमेकांना कशा कशा पिळानं जोडता येतील, याची बीजगणितानं केलेली यादी. नरसिंहन आणि शेषाद्रींनी सिद्ध केलं की या यादीतले जे पक्के, न ढासळणारे प्रकार आहेत, त्यांचा पहिल्या वहीतल्या नोंदींशी एकास एक मेळ बसतो. आपल्या गटाचं खातेपुस्तक आणि बँकेचं पुस्तक, दोन वेगळ्या हातांनी लिहिलेली, आणि ओळीला ओळ जुळावी, तसं. हे काम 1965 मध्ये छापून आलं. त्याला आजही जगभर दोघांच्या नावानं ओळखतात.

एकट्या कोणाकडून हे झालं असतं का? मला वाटतं नसतं झालं, निदान त्या वेळी तरी नाही. पण नुसती माणसं हुशार होती म्हणूनही झालं नाही. तिथली सोय तशी होती. गणित विभागाचे प्रमुख के. चंद्रशेखरन बाहेरदेशातून मोठे गणिती बोलावत. ते काही आठवडे राहून शिकवत आणि तरुणांनी ती व्याख्यानं नीट लिहून काढायची, मग संस्था ती छापायची. 1955 मध्ये लोरां श्वार्ट्झ आले, त्यांची व्याख्यानं नरसिंहन यांनीच लिहून काढली. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या हातानं लिहायचं म्हणजे ते आधी समजून घ्यावं लागतं. मला या सगळ्या गोष्टीत हीच बाब सर्वांत जास्त आवडली. आपल्याकडे इतिवृत्त लिहिताना "चर्चा झाली" एवढंच लिहितात!

पुढची गंमत ऐका. 1983 मध्ये सायमन डोनाल्डसन या इंग्रज तरुणानं त्याच निष्कर्षाची नवी सिद्धता दिली, विश्लेषणाच्या वाटेनं. आणि 2006 मध्ये सौदी अरेबियाचा किंग फैसल पुरस्कार नरसिंहन आणि डोनाल्डसन यांना मिळून दिला गेला. शेषाद्रींनी चेन्नईला गणिताची नवी संस्था उभी केली. ते कर्नाटक संगीतही गायचे. 2020 मध्ये शेषाद्री गेले, 2021 मध्ये नरसिंहन.

बायका कुठं होत्या, असं तुम्ही विचाराल. मंगला नारळीकर 1964 ते 1966 त्याच संस्थेच्या गणित विभागात होत्या. मग घर, मुली, आणि 1981 मध्ये पीएच.डी. 'गणितगप्पा' त्यांचंच पुस्तक. दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणायची सोय आली तेव्हा केवढी थट्टा झाली! ती सुचवणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. माझ्या घरच्या दुसरीतल्या पोरीला मात्र साठ तीन लगेच कळलं.

माझं एक मागणं आहे. या महिन्याच्या बैठकीत उन्हाळी कर्जाचा विषय घेण्याआधी वही लिहिणारी आणि पाण्यात उतरणारी, अशा दोघींना एक दिवस मोकळा द्या. त्या दिवसाची मजुरी गटानं द्यावी, मावशींची बुडता कामा नये. बांबूवर फुटाच्या खुणा करा, चार-पाच ठिकाणी खोली मोजा, बोडीचं चित्र काढा. आणि ठरावाखाली लिहिताना सचिवताईंनी मावशींचं म्हणणं मावशींच्या शब्दांत लिहावं, मग त्यांना वाचून दाखवावं. त्या "हो, असंच म्हटलं मी" म्हणाल्या की मग एकर ठरवा.