बालनटांची परीक्षा कोणी आणि कशी घ्यावी?



आपले गाव मिरचीचे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिचे नाव आता सरकारी दप्तरातही नोंदले गेले आहे. पण बाजारात उभा राहिलेला जाणता गिऱ्हाईक त्या मानांकनाचा कागद मागत नाही. तो मूठभर मिरची हातात घेतो, रंग पाहतो, एखादी मोडून नाकाशी धरतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. कागदाला किंमत नाही असे मी म्हणत नाही. दूरच्या गिऱ्हाइकाला कागदाचाच आधार असतो. परंतु कागद मिरचीमागून आला, मिरची कागदामागून आली नाही, एवढे आपण विसरू नये. आज मला नाटक शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षांविषयी बोलावयाचे आहे, आणि माझे सगळे सांगणे या एका दृष्टान्तात आले आहे, असे म्हटले तरी चालेल.

हा विषय मला सुचला तो पालकांमुळे. मुलगी गाणे शिकते तेव्हा ती 'प्रवेशिका' झाली की 'मध्यमा' झाली हे बाप अभिमानाने सांगतो. मुलगा चित्रे काढतो तेव्हा तो एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांना बसतो. पण ज्याचा मुलगा नाटकात काम करतो तो बाप मात्र विचारतो, ''गुरुजी, याची काही परीक्षा असते का हो?'' या प्रश्नाला हसू नये. दहावीच्या परीक्षेत चित्रकला, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य आणि लोककला यांतील प्रावीण्याबद्दल वाढीव गुण देण्याची सोय शासनाने केलेली आहे, आणि चार गुणांनी मुलाचा पुढचा प्रवेश अडतो किंवा मिळतो. बापाचा प्रश्न पोटातून आलेला असतो.

प्रथम संगीताने काय केले ते पाहू. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गवयाच्या घरी राहून, पाणी भरून, गुरूची मर्जी सांभाळून वर्षानुवर्षे शिकावयाची विद्या त्यांनी वर्गात आणली. तिला अभ्यासक्रम दिला, पुस्तके दिली, वेळापत्रक दिले. 1931 साली पंडितजी निवर्तले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही चढती पायरी आज लहानमोठ्या गावांतील मुलामुलींना ठाऊक आहे. या परीक्षांनी थोर गवई निर्माण केले की नाही, हा वाद जुना आहे. मला त्यात पडावयाचे नाही. पण त्यांनी एक गोष्ट निश्चित केली. ज्या घरात गाणे म्हणजे वाया जाण्याचा मार्ग समजत, त्या घरात तंबोरा शिरला. प्रमाणपत्राने कलेला अब्रू दिली. हे लहान काम नव्हे.

परदेशात हाच प्रयोग नाटकाच्या बाबतीतही झाला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची स्थापना 1872 सालची. तेथे 1877 पासून संगीताच्या परीक्षा सुरू झाल्या आणि पुढे भाषण व नाट्य यांच्याही आल्या. लंडनचीच दुसरी जुनी संस्था म्हणजे लॅम्डा या नावाने ओळखली जाणारी संगीत व नाट्यकला अकादमी. तिचाही परीक्षाक्रम असाच आहे. पहिल्या इयत्तेपासून आठवीपर्यंत आठ पायऱ्या. मुलाने ठरलेला उतारा सादर करावयाचा आणि त्या उताऱ्याविषयी परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची. वरच्या तीन इयत्तांचे गुण तिकडे विद्यापीठाच्या प्रवेशातही धरले जातात. म्हणजे बापाचा प्रश्न लंडनमध्येही तोच आहे!

मग आपल्याकडे नाटकासाठी संगीतासारखी रुळलेली वाट का पडली नाही? 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून मराठी नाटक चालू आहे. नाटक मंडळ्यांत लहान मुले येत, बालनट म्हणून वाढत. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर त्यांना उभे राहावयास, बोलावयास, थांबावयास शिकवी. परीक्षा रोज रात्री होई आणि परीक्षक तिकीट काढून येत! मंडळ्या गेल्या, तो शिक्षणक्रमही गेला. पुढे 1959 साली सुधा करमरकरांनी मुंबईत 'लिटल थिएटर' काढून मुलांसाठी नेटके नाटक करण्याचा पाया घातला, शाळाशाळांतून बालनाट्ये होऊ लागली, स्पर्धा सुरू झाल्या. पण स्पर्धा म्हणजे परीक्षा नव्हे. स्पर्धेत एक जिंकतो आणि बाकीचे घरी जातात. परीक्षेत प्रत्येकाने स्वतःच्या कालच्या उंचीशी आपली उंची मोजावयाची असते. म्हणून नाटकाला पायरीपायरीची परीक्षा असावी, या मताचा मी आहे. प्रश्न एवढाच की, ती कोणी व कशी घ्यावी.

या प्रश्नाला आपल्या वाङ्मयात फार जुने उत्तर आहे, आणि गंमत अशी की, त्यातील परीक्षार्थी मुलगी विदर्भाची आहे. कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' आपण वाचले असेल. मालविका ही विदर्भाच्या राजघराण्यातील मुलगी, दैवयोगाने विदिशेच्या राणीची दासी झालेली. तेथे गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य भांडत राजापुढे येतात. श्रेष्ठ कोण? निवाडा कौशिकी या परिव्राजिकेकडे येतो. ती काय म्हणते ते पाहा. नाट्य ही करून दाखविण्याची विद्या आहे, तिथे तोंडी वाद काय कामाचा? एखाद्याला स्वतःला विद्या चांगली येते, दुसऱ्याला ती शिकविण्याची हातोटी असते. ज्याच्याजवळ दोन्ही आहेत तो खरा शिक्षक. तेव्हा शिष्यांना पुढे आणा. आणि त्यांना भरजरी वेष घालून आणू नका, नाहीतर अंगाची हालचाल कशी दिसणार? आजच्या स्नेहसंमेलनांतील भाड्याचे मुकुट आणि झगमगते कपडे पाहिले म्हणजे मला या परिव्राजिकेची फार आठवण होते!

मालविका गाते, अभिनय करते, आणि परीक्षक तिच्यात दोष नाही असा निर्णय देते. हरदत्ताच्या शिष्येची पाळी येणार तोच दुपारच्या भोजनाची वेळ होते आणि तिची परीक्षा राहून जाते. परीक्षाकेंद्रांचा कारभार तेव्हापासून असाच आहे म्हणावयाचा!

परंतु या प्रसंगात दोन बोचऱ्या गोष्टी आहेत. पहिली अशी की, ही सारी परीक्षा मुळात एक बनाव होता. राजाला मालविका डोळे भरून पाहावयाची होती, म्हणून विदूषकाने आचार्यांची भांडणे लावून दिली. नाव परीक्षेचे, हेतू दुसराच. आज आपणही नाव नाटकाचे घेऊन हेतू दहावीच्या गुणांचा ठेवला, तर आपण विदूषकाच्याच पंक्तीला बसू, आणि त्याच्याइतकी करमणूकही आपल्या हातून व्हावयाची नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मालविका जे पद गाते ते संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. भर दरबारात, राजापुढे, दोन आचार्यांच्या समक्ष ती लोकांच्या भाषेत गाते, आणि भाषेसाठी तिचा एकही गुण कोणी कापीत नाही. कापणार कसे? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात पात्रापात्राची भाषा वाटून दिलेली आहे आणि शेवटी नाट्याला प्रमाण कोण, तर लोक, असे सांगितले आहे.

आता आपल्या दाराशी येतो. पवनी आणि नागभीड येथून जवळच. तेथून पुढे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली, मंडई भरली की नाटके सुरू होतात ती होळीपर्यंत. वडसा हे या मंडळ्यांचे मोठे ठाणे. रात्रभर नाटक चालते आणि उजाडेपर्यंत माणसे हलत नाहीत. दंडार, खडी गंमत या प्रकारांची मुळे याच मातीत आहेत. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलखाच्या वेशीवर राहून आपण मुलांच्या अभिनयाची मोजपट्टी ठरवीत आहोत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बालनाट्य स्पर्धेला मी परीक्षक होतो. एका खेड्यातील शाळेचे नाटक होते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा म्हाताऱ्या शेतकऱ्याचे काम करीत होता. विहिरीच्या काठावर बसून तो सोबत्याला म्हणाला, ''काहून गा, पानी नाई का आपल्या नशिबी?'' सभागृहात एकदम शांतता पसरली. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी कागदावर लिहिले, 'उच्चार अशुद्ध, ण व न यांतील भेद नाही', आणि वाचिक अभिनयाचे गुण कापले. मला ते पटले नव्हते. पण वेळ झाली होती, बेरजा करावयाच्या होत्या, मी सही केली. पुढल्या वर्षी तेच मूल पुन्हा आले. शिक्षकांनी वर्षभर घोटून घेतले होते. 'पाणी' तो अगदी स्वच्छ म्हणाला, 'मला', 'तुला' सगळे जागच्या जागी. फक्त त्याच्यातला म्हातारा नाहीसा झाला होता. एखादे पाठांतर ऐकावे तसे आम्ही ते ऐकले आणि उच्चाराचे पूर्ण गुण दिले.

मंडळी, परीक्षेत धोका आहे तो इथे. मूल नापास झाले तर पुन्हा बसेल. पण आपल्या आईची बोली ही चूक आहे, असे जर ते परीक्षेकडून शिकले, तर ते पुन्हा कधी मोकळ्या गळ्याने बोलणार नाही. प्रमाणभाषा त्याला आली पाहिजे, यात शंका नाही. वकिलाचे काम करताना ती लागेल, राजाचे करताना लागेल. परंतु म्हातारा शेतकरी करताना तीच प्रमाणभाषा अशुद्ध होय!

मग परीक्षा कशी असावी? मी चार सूचना करतो.

पहिली. सुरुवातीच्या पायरीवर मुलाने घरी ऐकलेली गोष्ट घरच्या बोलीत सांगावी. ठरीव उतारा नको. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का आणि ऐकणाऱ्याला पुढे काय झाले असे वाटते का, एवढेच पाहावे. प्रमाणभाषेतील उतारा पुढच्या पायरीवर यावा.

दुसरी. नाटकाची परीक्षा एकट्याची असू नये. गाणारा तंबोऱ्यावर एकटा बसू शकतो. नाटकात मात्र समोरचा बोलतो ते ऐकणे हा निम्मा अभिनय आहे. ट्रिनिटीच्या परीक्षांतही एकट्याच्या जोडीला दोघांची आणि गटाची परीक्षा असते. आपण तर दुसऱ्या पायरीपासून दोघांचा प्रवेश आणि तिसरीपासून पाच-सहा जणांची नाटिका सक्तीची करावी. आणि त्या नाटिकेत पडदा ओढणाऱ्यालाही गुण द्यावेत. पडदा क्षणभर उशिरा पडला तर काय होते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे, त्याला ते पटेल.

तिसरी. परीक्षा बंद खोलीत, एका टेबलामागे बसून घेऊ नये. ती गावापुढे घ्यावी. भरतमुनींनी प्रयोगाची सिद्धी मोजताना प्रेक्षकांचे स्मित, हसू, शाबासकीचे उद्गार, अंगावरचे रोमांच हे सगळे धरले आहे. शेवटच्या रांगेतील म्हातारी हसली की नाही, हा आमच्या गुणपत्रिकेतील एक रकाना असला पाहिजे.

चौथी परीक्षकांविषयी. भरतमुनींनी प्रयोगाचे जे प्रश्निक सांगितले आहेत, त्यांत यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद आणि व्याकरण जाणणारे आहेत, चित्रकार आहे, धनुर्विद्या जाणणारा आहे, राजा आहे, त्याचा सेवकही आहे आणि गणिकाही आहे. ज्याला ज्यातले कळते त्याने त्याचा निवाडा करावा. तेव्हा आपल्या परीक्षक मंडळात एक रंगभूमीवरचा माणूस, एक भाषाशिक्षक आणि एक दंडारीत किंवा झाडीपट्टीच्या नाटकात आयुष्य घातलेला कलावंत असावा. या तिसऱ्या माणसाजवळ प्रमाणपत्र नसेल. पण 'पानी' कुठे बरोबर आणि 'पाणी' कुठे, हे तोच सांगू शकेल.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करून शेवटी मिळवावयाचे काय? ही सगळी मुले काही नट व्हावयाची नाहीत. न होवोत! गांधर्वच्या परीक्षा दिलेली सगळी मुले तरी कुठे गवई झाली? पण चार माणसांत उभे राहून बोलणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि घटकाभर दुसऱ्या माणसाच्या कातडीत शिरून त्याचे दुःख जाणणे, एवढे ज्याला आले त्याला ग्रामसभेतही उपयोग होतो आणि संसारातही.

त्या मुलाचे नाव मला आठवत नाही. त्याच्या कागदावरची माझी सही मात्र मी विसरलेलो नाही. तुमच्या गावात नाट्यपरीक्षा सुरू झाली आणि तुमच्यापैकी कोणी परीक्षक म्हणून बसले, तर सही करण्यापूर्वी क्षणभर थांबा. विदर्भाची मालविका लोकांच्या बोलीत गाऊन उत्तीर्ण झाली होती, एवढे आठवा आणि मग पेन उचला.