घास अडतो, तर सांगा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)

हिशेब झाला, वह्या मिटल्या. आता दहा मिनिटं मला द्या.

आपल्याच एका गटातल्या मावशीची गोष्ट सांगते. तिनं परवानगी दिलीय, पण नाव घेणार नाही. ती भाकरी कायम आमटीत कुस्करून खायची. एक घास, की वर पाण्याचा घोट. मी तिच्या घरी दोनदा जेवले. मला वाटलं, दात दुखत असतील. समाजकार्य शिकून आलेली मी, पण विचारलं नाही! लग्नात ती पंगतीला बसायची नाही, चारचौघांत ठसका लागेल म्हणून. लावणीला धाप लागायची. "वय झालं," म्हणायची. वय किती, तर बेचाळीस. अशी दोन वर्षं काढली तिनं.

शेवटी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसहा. पुण्यात दुर्बिणीनं घसा बघितला, तर अन्ननलिकेत वरच्या बाजूला पातळ पडदा आलेला. या आजाराला प्लमर-विन्सन सिंड्रोम म्हणतात, अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांच्या नावावरून. आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण होतो तो जास्त करून मध्यमवयीन बायकांनाच, आणि त्याच्या जोडीला रक्तातलं लोह कमी असतं.

ओळखायचं कसं? पाणी, पेज नीट जाते, पण भाकरीचा घास घशात अडकतो. बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तर आपण अंगावर काढतो. जीभ गुळगुळीत, लाल होते, तिखट लागलं की आग होते. ओठांचे कोपरे चिरतात. नखं पातळ होतात आणि मधे खोलगट, चमच्यासारखी. पाण्याचा थेंब ठेवला तर नखावर टिकून राहतो.

घास अडकणं सोडलं, तर बाकीची लक्षणं साध्या लोहाच्या कमतरतेतही दिसतात. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हेही त्यातलंच. यात हसण्यासारखं काही नाही, आपल्यातल्या कितीतरी जणी गुपचूप खातात. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदरपणी निदान ११. पाळीत जास्त जाणं हे मोठं कारण. दुसरं म्हणजे आकडेकृमी. तो अनवाणी पायातून शिरतो, आणि आपण तर भातखाचरात उभ्या असतो.

मावशीला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दुर्बिणीतून पडदा रुंदावला. आता भाकरी कोरडी खाते, चटणीबरोबर. तरी तपासणीला जावं लागतं, कारण या आजारात पुढे घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तेव्हा घास अडकत असेल तर नुसत्या गोळ्या खात बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मशेरी लावणाऱ्यांनी तर आधी. (हो, तुमच्याकडेच बघतेय.)

गोळीनं शौचाला काळं होतं, त्यानं काही बिघडत नाही. मळमळलं तर जेवून घ्या. चहाबरोबर मात्र नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. मागेपुढे तासभर तरी चहा टाळा. जेवणात लिंबू पिळा.

पुढच्या बैठकीला आशाताई येणार आहेत. ज्यांच्यात काही दिसेल त्यांना घेऊन मी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जाईन, एकटीनं जायचं नाही. नखं बघायची आहेत, तेव्हा नेलपॉलिश काढून या.