टेबलाच्या या बाजूने

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मी सर्जन आहे. आमच्यापैकी कुणी तुमच्याकडे आलंच तर 'आहार आणि आरोग्य' अशा बिनधोक विषयावर बोलून जातं. मला गर्भपिशवीबद्दल बोलायचं आहे.

2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची पाहणी झाली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. फडावर पाणी नाही, संडास नाही. पांढरं जायला लागलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. शेवटी बाईच म्हणते, एकदाची काढून टाका. हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

मी सांगते ते टेबलाच्या या बाजूचं. काढलेली पिशवी हातात आली की बहुतेक वेळा कळतंच, ती काढायची होती की नव्हती. उमेदवारीच्या काळात एका खाजगी दवाखान्यात तिशीतल्या बायांच्या चांगल्या पिशव्या मी या हातांनी काढल्या. कागदावर 'अतिरक्तस्राव' लिहिलेलं असे. मी टाके घातले आणि गप्प बसले. कुणी विचारलं नाही, हेही खरं.

आमच्या संघटना धोरणावर बोलतात, नाही असं नाही. 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आला तेव्हा केवढा विरोध केला! तेवढा आवाज पिशवीसाठी निघाला नाही. नरेंद्र गुप्ता यांनी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं न्यायालयाने राज्यांना सांगितलं ते 2023 मध्ये. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. तिथे केसपेपर वाचता येणारं माणूस हवं. सोनोग्राफीत काय दिसलं, आधी गोळ्या दिल्या का, बीजकोश का काढले, हे सर्जनच विचारू शकतो.

आणि नियम करतानाही तो हवा. बीडमध्ये 2019 साली खाजगी दवाखान्यांना सिव्हिल सर्जनची परवानगी घेण्याची अट घातली गेली. अट मला मान्य आहे. पण जिचं रक्त खरोखर थांबत नाही, तिला परवानगीसाठी किती दिवस थांबवायचं? हे ठरवताना आम्ही बाहेर उभे राहिलो, तर भुर्दंड तिलाच.

तुमच्या जिल्ह्यात समिती आहे का, ती बसते का, विचारा. जाताना एखाद्या सर्जनला बरोबर घ्या. येणार नाही म्हणाला तर पुन्हा जा. बायांचे केसपेपर मात्र त्यांना विचारूनच आणा. मी वाचून देईन, आणि समितीपुढे यायचं तर तेही येईन.