मशीन घेण्याआधी पाटी वाचा



तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. आता शिकलेले कामाला लावायचे. म्हणून आज मी तुम्हांला एक पाटी वाचायला सांगणार आहे. ही पाटी शाळेतली नव्हे. ती मोटरीच्या अंगावर ठोकलेली असते. पत्र्याची, तळहातापेक्षाही लहान. पण ती न वाचता जुने मशीन विकत घेतले, तर पैसे जातात आणि मशीन दारात गंजत पडते.

आपल्या गावांत सुतारकाम करणारे पुष्कळ आहेत. हाताने रंधा मारून खांदे भरून येतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नव्या इमारती उठतात. दारे, खिडक्या, पलंग, कपाटे यांची मागणी असते. मग वाटते, एक रंधा मशीन घ्यावे, एक गोल करवत घ्यावी. नवे परवडत नाही, म्हणून जुने बघतो. यात काही चूक नाही. जुने मशीन चांगले असू शकते. जाड ओतीव लोखंड वर्षानुवर्षे टिकते.

पण हे मशीन येते कुठून, याचा विचार करा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये औद्योगिक वसाहत सुरू झाली. पुढे डोंबिवलीलाही झाली. तिथे कारखाने आले. त्यांतले कित्येक नंतर बंद पडले, आणि त्यांची यंत्रे जुन्या बाजारात आली. कारखान्यात वीज असते थ्री-फेज. आपल्या घरात असते बहुधा सिंगल-फेज. खरी गोम इथेच आहे.

हे दोन प्रकार नीट समजून घ्या. सिंगल-फेजमध्ये घरात दोन तारा येतात आणि दाब असतो २३० व्होल्टचा. थ्री-फेजमध्ये चार तारा येतात, आणि दोन फेजांमधला दाब असतो ४०० व्होल्टचा. थ्री-फेजची मोटर सिंगल-फेजवर नुसती जोडली, तर ती घुमते, गरम होते, पण फिरत नाही. थोड्या वेळात जळते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे असे झाले. मुरबाडकडचा मुलगा, हाताने कसबी. बायकोने बचत गटातून कर्ज काढून दिले. त्याने ३ अश्वशक्तीचे रंधा मशीन घेतले. विकणारा म्हणाला, "वायर जोडा, की झाले चालू." घरी आणले, तर मोटर थ्री-फेजची! चार महिने मशीन ताडपत्रीखाली राहिले. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला चालूच होता. शेवटी दुसरी मोटर घ्यावी लागली. स्वस्तात मिळालेले मशीन महागात पडले. पाटीवर सारे लिहिलेले होते. वाचले कुणी नाही.

तर पाटीवर काय बघायचे? पाटी इंग्रजीत असते. घाबरू नका. पाच गोष्टी ओळखल्या की पुरे.

पहिली गोष्ट फेज. तिथे १ आहे की ३, ते बघा.

दुसरी गोष्ट व्होल्ट. इंग्रजी 'व्ही' अक्षराजवळचा आकडा वाचा. २२०, २३० किंवा २४० असेल आणि फेज १ असेल, तर ती आपल्या घरच्या विजेची मोटर. ४००, ४१५ किंवा ४४० असेल, तर ती थ्री-फेजची.

तिसरी गोष्ट सायकल, म्हणजे हर्ट्झ. आपल्या देशात वीज ५० सायकलची आहे. अमेरिकेत ती ६० सायकलची आहे, आणि घरातला दाब १२० व्होल्टचा. जपानच्या अर्ध्या भागात ५०, अर्ध्या भागात ६०, आणि दाब १०० व्होल्टचा. परदेशातून आलेले जुने मशीन कधी कधी आपल्या बाजारात दिसते. १०० किंवा १२० व्होल्टची मोटर आपल्या २३० वर लावली, तर ती गेलीच म्हणून समजा. आणि ६० सायकलची मोटर ५० वर लावली, तर ती सहात पाच इतक्याच वेगाने फिरते. मिनिटाला १८०० फेरे घेणारी १५०० घेते. लाकूड खरबरीत निघते. मोटर जास्त तापते.

चौथी गोष्ट अश्वशक्ती. पाटीवर 'एचपी' असते, नाही तर किलोवॅट असते. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे ३ अश्वशक्तीचे २,२३८ वॅट झाले. मोटर स्वतःही थोडी वीज खाते, म्हणून ती याहून जास्त ओढते.

पाचवी गोष्ट अँपियर. इंग्रजी 'ए' अक्षराजवळचा आकडा. सिंगल-फेजची ३ अश्वशक्तीची मोटर साधारण १६ अँपियर ओढते. तेवढीच मोटर थ्री-फेजची असेल, तर साधारण ५ अँपियर. शिवाय चालू होताना मोटर क्षणभर पाच-सहा पट वीज ओढते. घरातल्या साध्या प्लगावर असे मशीन लावले, तर प्लग वितळतो, तार तापते, आगही लागते.

पाटी नसेल तर? किंवा खरवडलेली असेल तर? मग माहीतगार वायरमन बरोबर न्या. त्याने मोजून सांगितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि मोटर बदललेली नाही ना, तेही विचारा. कधी पाटी मशीनची एक आणि मोटरीची दुसरी असते. मोटरीची पाटी खरी धरा.

आता दुसरा कागद वाचा. तो म्हणजे तुमच्या घरचे वीजबिल. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. मोटरीचा भार त्यात बसतो का, ते बघा. बसत नसेल, तर कार्यालयात अर्ज करा. भार वाढवून मिळतो, थ्री-फेजही मिळते. पण खांबापासून अंतर किती, खर्च किती, दिवस किती, हे आधी विचारा. तो खर्च मशीनच्या किमतीत मिळवा. मग ठरवा, मशीन स्वस्त की महाग.

काही जण म्हणतात, "शेतावर पंपाला थ्री-फेज आहे. तिथेच करवत लावू." असे करू नका. शेतीची वीज शेतीच्या दराने मिळते. ती धंद्याला वापरणे, किंवा घरची वीज कारखान्याला वापरणे, हा अनधिकृत वापर होतो. २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीची थ्री-फेज वीज ठराविक तासच असते. अर्धे कापलेले लाकूड तसेच राहायचे.

मशीन बघायला जाल तेव्हा ते चालवून बघा. विकणारा म्हणाला, "आज लाइट नाही," तर म्हणावे, "उद्या येतो." नुसते मोकळे फिरवू नका. आपले लाकूड घेऊन जा. दहा-पंधरा मिनिटे रंधा चालू द्या. वायरमनला चिमट्याच्या मीटरने अँपियर मोजायला सांगा. पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघाले, तर काही तरी बिघाड आहे. जळका वास आला, तरी सावध व्हा.

शेवटी जिवाची गोष्ट. मशीनबरोबर स्टार्टर आहे का, ते बघा. हिरव्या आणि लाल बटणाचा. वीज गेली की चांगला स्टार्टर सुटतो. वीज परत आली, तरी बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. काही लोक त्यात काडी अडकवतात, म्हणजे ते सुटू नये. मग काय होते? तुम्ही पाते साफ करायला हात घातलेला असतो, आणि वीज येते. बोटे गेली तर परत येत नाहीत. आणि अर्थिंग पक्के करून घ्या. थ्री-फेज मोटरीला दोन वेगवेगळ्या अर्थाच्या तारा लागतात. थ्री-फेजच्या दोन तारा उलटसुलट झाल्या, तर करवत उलटी फिरते. म्हणून पहिल्यांदा चालू करताना लाकूड लावायचे नाही. आधी फिरण्याची दिशा बघायची. ही सारी जोडणी परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

भगिनींनो, कर्ज बहुतेक वेळा तुमच्या गटातून निघते. तेव्हा पैसे हातावर ठेवण्याआधी घरातल्या माणसाला एवढेच विचारा, "पाटी वाचली का? बिल बघितले का? चालवून पाहिले का?" तीनही प्रश्नांना 'हो' असे उत्तर आले, तरच पैसे द्या.

वहीत पाच ओळी लिहून ठेवा: फेज, व्होल्ट, सायकल, अश्वशक्ती, अँपियर. बाजारात जाताना ही वही खिशात असू द्या. पाटीवरचे आकडे त्यात उतरवून घ्या. मग ते घरी आणून बिलाशी ताडून बघा. सौदा एक दिवस उशिरा झाला, तरी काही बिघडत नाही.