जोडीच्या मागची माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला शर्यतीवर बोलायला सांगितले, तेव्हा मला प्रथम हसूच आले. आपल्यापैकी प्रत्येकीची शर्यत पहाटे नळाच्या पाण्यापासून सुरू होते आणि रात्री ओटा पुसल्यावर संपते; त्यावर भाषण ते काय करायचे? पण त्या म्हणाल्या, "तुमच्या माहेरी पटाची जोडी होती ना, तिच्याविषयी सांगा." तेव्हा मी हो म्हटले. कारण त्या जोडीची एक गोष्ट माझ्या मनात फार वर्षांपासून आहे, आणि ती मी आजवर कोणापुढे सांगितलेली नाही.

आपल्या वऱ्हाडात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. शेतीची कामे हलकी झाली की सपाट माळावर सरळ धाव आखतात, हलक्या छकड्याला जोडी जुंपतात, झेंडी पडते आणि जोडी सुटते. घड्याळ लावलेले असते. पाहणाऱ्याने डोळा मिटून उघडावा, तोवर सगळे संपलेले. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर साऱ्या विदर्भात नावाजलेला आहे. आपल्या विदर्भाची गौळाऊ जात अंगाने हलकी आणि पायाने चपळ. जुन्या काळी फौजेचे सामान लवकर पोचवायला हेच बैल वापरीत, असे सांगतात.

पट पाहायला गेलेल्या माणसाला दोन बैल आणि एक धुरकरी दिसतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जोडीच्या मालकाचे नाव येते. पण त्या काही सेकंदांच्या मागे किती माणसे असतात, हे जिच्या घरी जोडी आहे तिलाच माहीत. आमच्या घरचेच सांगते. जोडी माझ्या वडिलांची. तिला धावेची सवय लावली ती काकांनी. रोज पहाटे नांगरटीच्या मऊ वावरातून ते तिला फिरवून आणीत. गावच्या सुतारकाकांनी छकडा असा हलका केला होता, की दोन माणसांनी सहज उचलावा. नाल मारणारा शेजारच्या गावाहून येई. धुरकरी बाहेरचा, नावाजलेला. झेंडी पडेपर्यंत जोडी धरून ठेवणारे चौघे वेगळे आणि धावेच्या शेवटी उधळलेली जोडी आवरणारे वेगळे. हे आवरणारे लोक तर जिवावर उदार होऊनच उभे असत.

आणि रोजची खरी सेवा दोघांची. एक आमचा सालदार, ज्यांना आम्ही मुले मामा म्हणत असू. ते रात्री गोठ्यातच निजत. दुसरी माझी आई. सरकीची ढेप किती भिजवायची, चण्याची चुनी किती घालायची, कुटारात ओलावा धरला आहे की काय, हे सारे ती पाही. घरात आम्हांला दूध कमी पडले तरी चाले. पटाच्या दिवसांत जोडीला कमी पडत नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकताना ती हळद आणि तूप लावून दोघांचे खांदे चोळी, आणि म्हणे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." सर्ज्या आणि पाखऱ्या ही त्यांची नावे. आम्हां भावंडांत त्यांचीही गणती होती म्हणा ना!

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या पटाचे बोलावणे होते. गावातली पन्नासेक माणसे दोन ट्रॅक्टरांतून निघायला सज्ज झाली होती. कोणी नवे धोतर नेसले होते, कोणी गुलाल बांधून घेतला होता. पहाटे मामा गोठ्यातून ओट्यावर आले आणि म्हणाले, पाखऱ्याने रातची ढेप अर्धी टाकली आहे. आई लगेच गोठ्यात गेली. तिने एकेका पायाला हात लावून पाहिला आणि बाहेर येऊन वडिलांना म्हणाली, "आयका जी, त्याच्या मागच्या पायाचा खूर गरम लागते. आज त्याले जुपू नका."

वडिलांनी बाहेर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले. म्हणाले, "सारं गाव निघालं हाये. आता कसा मांगं फिरू?"

आई पुढे काही बोलली नाही. मामाही बोलले नाहीत. जोडी गेली.

पुढचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. जोडी निम्म्या धावेपर्यंत वाऱ्यासारखी गेली, आणि पाखऱ्या गुडघ्यावर आला. छकडा कलंडला. धुरकऱ्याच्या खांद्याला मार लागला; देवाच्या कृपेने जिवावरचे टळले. संध्याकाळी पाखऱ्याला ट्रॅक्टरमधून आणले, तेव्हा आईने दारातूनच त्याचा पाय पाहिला आणि तोंडाला पदर लावला. तो बैल पुढे जन्मभर लंगडत चालला.

त्या रात्री पारावर माणसे जमली. कोणी म्हणे, धुरकऱ्याने तुतारी टोचली म्हणून असे झाले. कोणी म्हणे, सालदाराने नालाकडे पाहिले नाही. गरिबावर दोष ढकलणे सोपे असते, तसे चालले होते. मामा खाली मान घालून बसले होते. तेव्हा माझे वडील उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माही हाये. मले दोघांनी सांगतलं होतं. मीच आयकलं नाही." एवढेच बोलून ते घरी आले आणि गोठ्यात जाऊन बसले.

मैत्रिणींनो, आमच्या घरी बक्षिसांची भांडी आहेत. त्यांवर वडिलांचे नाव कोरलेले आहे. परंतु माझ्या वडिलांना मी पुढारी मानते ते त्या भांड्यांमुळे नव्हे, त्या रात्रीच्या त्या शब्दांमुळे. मात्र हेही सांगायला हवे, की ते शब्द उशिरा आले होते. पाखऱ्याचा पाय त्यांनी परत येणार नव्हता.

त्यानंतर आमच्या घरी एक नियम झाला. पटाला जायचे की नाही, हा शेवटचा शब्द मामांचा आणि आईचा. गोठ्यातून "हो" आल्याशिवाय जोडी जुंपायची नाही, मग दारात गाव उभे असो की पाटील. पुढे दोन वेळा मामांनी "नाही" म्हटले. त्यांपैकी एकदा तर जोडी माळावर पोचली होती. वडिलांनी तिथूनच ती परत आणली. लोक हसले. मामांचा अंदाज चुकला असेल की बरोबर असेल, कोण सांगणार? पण वडिलांनी त्यांना कधी विचारले नाही. बक्षिसे पूर्वीपेक्षा कमी आली. परंतु चांगले धुरकरी आपण होऊन आमच्या जोडीसाठी येऊ लागले. या घरी आपल्याला आजारी बैलामागे बसवणार नाहीत, हे त्यांना कळले होते.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती माझ्या मुलामुळे. तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात काम करतो. सुट्टीत आला असताना त्याने मला मोबाईलवर अमेरिकेतली मोटारींची शर्यत दाखवली. त्या मोटारी मुळात बाजारात मिळणाऱ्या मोटारीच असत, म्हणून त्यांना स्टॉक कार म्हणतात. ही शर्यत भरवणारी नास्कार नावाची संस्था १९४८ साली निघाली. डेटोना गावची त्यांची मोठी शर्यत ५०० मैलांची, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरांची असते. शेगावहून मुंबईला जावे आणि निम्म्या वाटेपर्यंत परत यावे, इतकी! मधूनमधून मोटार थांबवून चाके बदलावी लागतात, पेट्रोल भरावे लागते. मी पाहिले, तर मोटार थांबताच पाच माणसे धावत आली, चारही चाके बदलली, पेट्रोल भरले आणि मोटार गेलीसुद्धा. मुलगा म्हणाला, "आई, दहा-अकरा सेकंद लागले." मला तर भाजीला फोडणी घालायला याहून जास्त वेळ लागतो.

मग त्याने मला वुड बंधूंची हकिकत सांगितली. व्हर्जिनिया राज्यातल्या स्टुअर्ट नावाच्या लहानशा गावचे हे भाऊ. ग्लेन वुड यांचा धंदा लाकडाचा. त्यांनी १९५० साली भावांना हाताशी घेऊन शर्यतीचा संघ काढला. ग्लेन मोटार हाकीत आणि धाकट्या लेनर्डचे डोके यंत्रात चाले. पुढे ग्लेन यांनी स्वतः हाकणे सोडले आणि दुसऱ्या चालकांना आपली मोटार दिली. त्या काळी मोटार थांबली की सारे सावकाश चाले. या भावांनी ओळखले, की धावताना एक सेकंद वाचवणे फार कठीण, पण उभे असताना वाया जाणारे सेकंद वाचवणे आपल्या हातचे आहे. कोणी जॅक लावायचा, कोणी चाक काढायचे, कोणी कोणत्या बाजूने धावायचे, हे त्यांनी ठरवले आणि पुन्हा पुन्हा घटवले. त्यांचे नाव इतके झाले, की १९६५ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत जिम क्लार्क या स्कॉटलंडच्या चालकाच्या लोटस मोटारीची सेवा करायला त्यांना बोलावणे आले. ती मोटार त्यांच्या नेहमीच्या जातीची नव्हे. तरी ती क्षणात इंधन घेऊन सुटे, आणि क्लार्क जिंकला. ग्लेन वुड २०१९ साली वारले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डेटोनाला त्यांच्या संघाने शंभरावा विजय मिळवला, तेव्हाही कारभार त्याच घराकडे होता. चालक किती आले आणि गेले. मागची माणसे टिकली म्हणून संघ टिकला.

मी मुलाला विचारले, "मोटार थांबव असे चालकाला कोण सांगतो?" तो म्हणाला, त्यासाठी एक मुख्य माणूस असतो, शिवाय उंचावर उभा राहून रस्ता पाहणारा एक असतो, तो चालकाच्या कानात बोलत राहतो. मला वाटले, म्हणजे तिथेही कोणीतरी गोठ्यातला माणूस आहेच, आणि मोटार हाकणाऱ्याला त्याचे ऐकावे लागते!

आता थोडे कायद्याविषयी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. २०१७ साली आपल्या राज्याने कायदा केला, पण तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी तो कायदा मान्य केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकांची तपासणी लागते, काठी-तुतारी चालत नाही. बंदी आली तेव्हा माझ्या माहेरी सगळे पुरुष रागावले होते. आई तेवढी गप्प होती. मी एकटी असताना मला म्हणाली, "बाई, आपण येळेवर थांबलो असतो, तर कोर्टाले थांबवा लागलं नसतं."

बैल पळवावेत की पळवू नयेत, यावर पुष्कळ बोलता येईल. मुक्या जिवाला त्रास होतो असे म्हणणारे लोक आपले शत्रू नव्हेत, एवढे मी पाखऱ्याकडे पाहून शिकले. माझ्या भावाने आता पुन्हा जोडी ठेवली आहे. मामा हयात नाहीत. गोठ्यातला शेवटचा शब्द आता माझ्या वहिनीचा आहे, आणि ती त्यात आईपेक्षाही कडक आहे!

स्त्रियांनी पुढे येऊन कासरा हाती धरावा, याचा मला आनंदच आहे. तळेगाव दशासरला बायकांचाही पट होतो. पुण्याच्या डायना पंडोले, दोन मुलांची आई, २०२४ साली मोटार शर्यतीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. आपल्या मुलींनीही तसे व्हावे. पण जी पुढे बसेल तिने मागच्यांचा शब्द ऐकावा, आणि जी मागे असेल तिने एकदा सांगून गप्प बसू नये. माझी आई त्या पहाटे एकदाच बोलली. "मी दुसऱ्यांदा का नाही सांगितलं?" असे ती अजून म्हणते.

आपल्या शेगावात हे वेगळे सांगायला नको. श्रींच्या मंदिरात पाळीपाळीने येणारे सेवाधारी आपण रोज पाहतो. कै. शिवशंकरभाऊ पाटलांना साऱ्या महाराष्ट्राने नावाजले, त्यामागे या हजारो हातांचेही बळ होते.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांचे फोटो येतात, ते यायलाच हवेत. माझी एवढीच विनंती, की सतरंज्या अंथरणाऱ्या, चहाचे पातेले घासणाऱ्या आणि "ताई, यंदा हा खर्च आपल्याला झेपायचा नाही" असे सभेत सांगणाऱ्या भगिनींचीही नावे त्यात छापावीत. आणि एखादा कार्यक्रम फसलाच, तर पहिला शब्द अध्यक्षाबाईंनी बोलावा. तो कोणता, हे मी मघाशी सांगितलेच आहे.

मला बोलण्याची सवय नाही. काही उणेअधिक झाले असल्यास पदरात घ्यावे.