हिरव्या ठिपक्याच्या पुढे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही दुकानात फरसाणाचे पाकीट हाती येताच आपली नजर हिरवा ठिपका शोधते. अक्षरओळख नसलेल्या आजींनाही तो वाचता येतो. रंगांध व्यक्तींनाही फरक कळावा म्हणून २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला. चिन्हे वाचणे हीदेखील साक्षरताच. पुढे कांदा, लसूण, कंदमूळ यांसाठी घटकांची यादीही आपण बारकाईने तपासतो.

परंतु शेजारचा आकड्यांचा तक्ता मात्र पदवीधरही वाचत नाहीत. रक्तदाब वाढेपर्यंत मीही वाचला नव्हता. समजा, १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. त्यास अडीचने गुणावे, म्हणजे २ ग्रॅम मीठ झाले. पाकीट २०० ग्रॅमचे असल्यास ४ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे. पाकिटावरील ‘जैन’ हा शब्द कांदा-लसणाविषयी सांगतो, मिठाविषयी नाही.

तेव्हा ठिपका अवश्य पाहावा आणि मग पाकीट उलटे करावे. अक्षरे फार बारीक असतात. नातवंडांकडून वाचून घेण्यास संकोच नसावा.