घोडा, उजेड आणि उभं राहायची जागा



घोड्याच्या छायाचित्रणाची गोष्ट १८७८ सालच्या जून महिन्यापासून सांगायची प्रथा आहे. मीही ती मोडत नाही. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे लेलँड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांच्या फार्मवर छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजनं धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. सॅली गार्डनर नावाची घोडी भरधाव सुटली. एकेक दोरा तुटला, तसा एकेका कॅमेऱ्याचा पडदा उघडला. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमीन सोडतात, हे त्यातून दिसलं. तो क्षण पाय पोटाखाली गोळा झाल्याचा असतो, हेही दिसलं. जेरिकोसारख्या थोर चित्रकारानं १८२१ मध्ये एप्समची डर्बी रंगवताना घोड्यांचे पाय पुढेमागे ताणून त्यांना हवेत तरंगवलं होतं. शतकानुशतकं डोळ्यांना जे दिसतंय असं वाटत होतं, ते घडतच नव्हतं.

या गोष्टीतला एक तपशील मात्र आपण ऐकून सोडून देतो. मायब्रिजनं पलीकडे पांढरी भिंत उभी केली होती. ऊन कॅलिफोर्नियाचं होतं आणि घोडी कुठून जाणार हे ठरलेलं होतं. परिस्थिती त्यानं स्वतः रचली होती. आपण हौशी छायाचित्रकार. पुण्याच्या रेसकोर्सवर जायचं तर हंगामच पावसाळ्याचा. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचं तर तापीकाठची धूळ. ऊन आपलं नाही, मैदान आपलं नाही, घोडा तर नाहीच. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात : कुठे उभं राहायचं आणि कोणता क्षण धरायचा. आजचं माझं म्हणणं एवढंच, की परिस्थिती बिघडली की कॅमेऱ्याच्या चकत्या फिरवण्याआधी आपले पाय हलवावेत.

थोडा हिशेब करू. शर्यतीचा घोडा ताशी ६० किलोमीटरनं धावतो, म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर. शटर १/१००० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो पावणेदोन सेंटिमीटर पुढे जातो; १/२५० ला जवळपास सात. बाजूनं पाहाल तर हे सात सेंटिमीटर चित्रात सरळ फराट्यासारखे उमटतात. आता पुण्यातली ऑगस्टची दुपार घ्या. आभाळ भरलेलं, पाऊस रिमझिमतोय. व्यावसायिकाच्या मोठ्या भिंगाचं तोंड एफ २.८ चं, आपल्या ७०-३०० चं लांबच्या टोकाला ५.६ चं. म्हणजे आपल्याला त्याच्या चौथाई उजेड मिळतो. ही तूट भरायला आयएसओ वाढवावा लागतोच, पण त्यालाही मर्यादा आहे. मग काय करायचं? परवानगी असेल तिथे, विनिंग पोस्ट ओलांडून रेलिंगलगत उभं राहायचं आणि सरळ टप्प्यात अंगावर येणारे घोडे समोरून घ्यायचे. समोरून येणारा घोडा चौकटीत आडवा सरकत नाही, फक्त मोठा होत जातो. त्यामुळे कमी वेगाच्या शटरवरही तो बराच सावरतो. फोकस धरणं मात्र अवघड होतं. म्हणून तो आधीच एका जागी लावून ठेवावा. वर बक्षीस म्हणजे टापांनी उडवलेला चिखल आणि जॉकीच्या गॉगलवरचे थेंब, जे बाजूनं कधी नीट मिळत नाहीत.

उडीच्या स्पर्धांमध्ये, ज्याला आपण शो-जंपिंग म्हणतो, क्षण हाच मोठा मित्र. वर फेकलेली कुठलीही वस्तू माथ्यावर पोचली की तिची वर जाण्याची गती शून्य होते. घोड्याचंही तेच. पुढचे पाय दुमडलेले, पाठ कमानदार, मान पुढे : या माथ्यावर शरीर सर्वांत देखणं आणि चढउतार सर्वांत कमी. तो क्षण नशिबावर सोडायचं कारण नाही. मोठ्या ढांगेच्या कँटरमध्ये एक ढांग सुमारे साडेतीन मीटरची असते आणि जोडीनं मांडलेल्या अडथळ्यांमधलं अंतर अशा ढांगांच्या हिशेबानंच ठेवलेलं असतं. स्वार मनात ढांगा मोजतो, आपणही मोजाव्यात. फोकस दांडीवर ठेवावा आणि शेवटच्या ढांगेला श्वास रोखावा. एका उडीचे सलग पंचवीस फोटो काढून नंतर निवडणाऱ्याला घोड्याची लय कधीच कळत नाही.

आता सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर नावाजलेला आहे. इथे शर्यतीपेक्षा चाल दाखवण्याला महत्त्व. रेवाल चालीत घोडा एका अंगाचे पाय लागोपाठ टाकतो, त्यामुळे स्वाराला उसळी बसत नाही. दुडकीत मात्र स्वार वरखाली होतो. शटर १/१००० ला लावून रेवाल गोठवलीत तर चित्रात घोडा उगाच उभा वाटेल. इथे उलट करावं : शटर १/३० ते १/६० वर आणावं आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवावा. स्वाराचं डोकं स्थिर असल्यामुळे चेहरा स्पष्ट येतो, पाय आणि गर्दी वाहून जातात, आणि ती चाल कशासाठी नावाजतात ते पाहणाऱ्याला कळतं. दुडकीवर हीच युक्ती केलीत तर चेहराही पुसला जाईल.

धुळीत वारा पाठीशी घ्यावा. मग धूळ आपल्यापासून दूर जाते. घोड्यामागे राहते, मध्ये येत नाही. सकाळी सूर्य तिच्या पलीकडे असेल तर ती सोन्यासारखी पेटते. मैदानात भिंग मात्र बदलू नये.

रंगाचीही एक खोड सांगतो. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या जगाला करडं समजतो. शुभ्र नुकरा घोडा चौकटभर घेतलात तर तो मळकट येतो आणि काळाभोर घोडा राखाडी. पांढऱ्याला उजेड वाढवावा, काळ्याला कमी करावा. मीटर पांढऱ्याला कमी उजेड देतो, काळ्याला जास्त. आपण फक्त ती चूक दुरुस्त करायची.

आणि कुठे उभं राहायचं याला एक मर्यादा आहे, ती घोडा ठरवतो. तो भक्ष्य म्हणून घडलेला प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट पाठीमागचं नाही. म्हणून मागून जाऊ नये, फ्लॅश मारू नये, छत्री फाडकन उघडू नये, ड्रोन तर नाहीच. बिथरलेल्या घोड्याची किंमत स्वार मोजतो.

शेवटी एक आग्रहाची सूचना. काढलेली छायाचित्रं छायाचित्रकार मित्रांना दाखवण्याआधी घोड्याच्या मोतद्दारांना दाखवा. ते उजेडाबद्दल काही बोलणार नाहीत. कान मागे पडलेत, लगाम तोंडात ओढला गेलाय, पाय चुकीचा पडलाय, एवढंच सांगतील. तुम्हाला आवडलेली निम्मी छायाचित्रं ते बाजूला सारतील. ती काढून टाका. पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं, हे उरलेल्यांवरून कळेल.